चौकटीतला पाऊस आणि चित्रकाराचा स्वभाव

प्रश्न थोडक्यात: पत्र खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. नोकरी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात, आणि उरलेला वेळ गावच्या वाचनालयाला. यंदा वाचनालयाच्या दिवाळी अंकाबरोबर 24 पानांची चित्रकथा काढायचं घाटतंय. त्यासाठी भागातलाच एक चित्रकार त्यांच्या मनात आहे. त्याच्या छोट्या चित्रकथा त्या दोन वर्षं मोबाइलवर नेमाने वाचतात. माणसांचे सोळा प्रकार सांगणारी स्वभावचाचणी वाचनात आल्यावर त्यांनी कामावरून त्याला ‘आयएनएफपी’ ठरवलं, म्हणजे अंतर्मुख, कल्पनेत रमणारा, भावनेने निर्णय घेणारा, आखीव चौकटीत न मावणारा. पुरावे असे: सतत पाऊस आणि दाट काळा रंग, एकटा हिंडणारा नायक, बिनशब्दांच्या चौकटी. ‘दुकानांच्या पाट्या मात्र तो फार बारकाईने काढतो, ते या प्रकारात बसत नाही, पण तेवढा अपवाद,’ असंही त्या लिहितात. हे सगळं त्यांनी कौतुकाने त्याला कळवलं. ‘तसं काही नाही’ एवढंच उत्तर आलं आणि पुढे तो गप्प. त्यातच समितीतले एक सभासद म्हणतात, असली माणसं वेळेवर काम देत नाहीत. निपाणीच्या दुसऱ्या मुलाला द्या, त्याच्या इमारती बघा कशा पट्टीने आखल्यासारख्या, तो शिस्तीचा असणार. ताईंना विचारायचंय: अंदाज चुकला का? असा अंदाज नीट कसा बांधतात? काम कोणाला द्यावं? आणि अंकात ‘चित्रकाराचा स्वभाव ओळखा’ असं एक पान घ्यावं का?

ताई, चित्रकथा इतक्या लक्ष देऊन वाचणारे थोडे असतात. कुठल्या चौकटीत शब्द नाहीत, काळा कुठे दाट झालाय, पाट्या कशा रंगवल्यात, हे तुम्ही टिपून ठेवलंय. निरीक्षणं पक्की आहेत. निसटलंय ते पुढे, निरीक्षणावरून थेट माणसाच्या आत उडी मारताना. म्हणून तुमचेच पुरावे एकेक करून तपासू.

पावसापासून सुरुवात करू. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो. तिथला माणूस कौलारू घर काढणार, छत्री काढणार, चिखलातला रस्ता काढणार. त्यासाठी उदास असावं लागत नाही, खिडकीबाहेर बघितलं तरी पुरतं. तपास करायचा तर त्याची मार्च-एप्रिलमधली चित्रं शोधा. त्यात ऊन, जत्रा, काजूच्या बागा दिसल्या, तर पाऊस ऋतूचा होता. भर उन्हाळ्यातही तो पाऊसच काढत असेल, तर ती त्याची निवड आहे, आणि मग ‘का’ हा प्रश्न त्याला विचारण्याजोगा होतो. दाट काळ्याचंही तसंच. स्वस्त एकरंगी छपाईत आणि झेरॉक्समध्ये राखाडी छटांचे डाग होतात, ठोस काळा मात्र नीट उमटतो. त्यामुळे स्वस्तात छापायची सवय असलेले चित्रकार छटा टाळून काळ्याचे मोठे भाग भरतात.

बिनशब्दांच्या चौकटींना तर निदान तीन साधी कारणं असू शकतात. मोबाइलच्या पडद्यावर संवादाच्या फुग्यातली अक्षरं बारीक होतात, म्हणून शब्द कापले जातात. दुसरं कारण आपल्या भागाचं आहे. त्याच्या वाचकांत मराठी सहज वाचणारे आहेत तसे कन्नड सहज वाचणारेही असणार, आणि शब्दच नसले की चित्रकथा दोघांपर्यंत पोचते. तिसरं म्हणजे लिखाणाची भीती. शाळा कन्नड माध्यमातून झाली असेल, किंवा घरात बोलतो ती मराठी आणि अंकात छापतात ती मराठी यांतलं अंतर त्याला टोचत असेल, तर तो फुगा टाळेल. यातलं एकही कारण स्वभावाचं नाही. शि. द. फडणीस तर आपल्याच जिल्ह्यातले. 1925 चा जन्म, गाव भोज. बिनशब्दांच्या हास्यचित्रांसाठी उभा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. शब्द नाहीत म्हणजे माणूस अबोल, असा हिशेब त्यांना लावला तर तो साफ चुकतो, कारण त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि लोकांसमोर उभं राहून चित्रांवर बोलण्याचे कार्यक्रमही केले.

आता पाट्या. इथे जरा थांबायला हवं, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे. तीन गोष्टी प्रकारात बसल्या त्या पुरावा ठरल्या आणि चौथी बसली नाही ती अपवाद ठरली. हे तुमचंच होतं असं नाही, सगळ्यांचं होतं, तज्ज्ञांचंही. माणसाला एक चित्र काढायला सांगायचं आणि त्यावरून त्याचं मन ओळखायचं, ही पद्धत मानसतज्ज्ञांमध्ये बराच काळ चालू होती. डोळे मोठे किंवा विचित्र काढले तर माणूस संशयी, असे ठोकताळे होते. 1967 मध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन या पती-पत्नींनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशी चित्रं दाखवली आणि प्रत्येकाखाली चित्र काढणाऱ्याच्या तक्रारी लिहून दिल्या. चित्र आणि तक्रार यांच्या जोड्या अशा लावल्या होत्या की त्यांत काही संबंधच नव्हता. तरीही विद्यार्थ्यांना संबंध ‘दिसला’, आणि तोही अनुभवी तज्ज्ञ सांगत तोच: डोळे आणि संशय. जोडी आधीच आपल्या डोक्यात बसलेली असते, चित्र फक्त निमित्त होतं. पाऊस-एकटेपणा-अंतर्मुख ही साखळी अशीच डोक्यात तयार असते.

त्याच वर्षी एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. क्यूबाचा नेता कॅस्ट्रो याच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध लोकांना वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं होतं की बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरी वाचणाऱ्यांनी निबंधातलं मत थोडंफार लेखकाच्याच गळ्यात घातलं. चित्रकथेत तर नेमून दिलेलं काम पदोपदी असतं. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेसाठी पौराणिक आणि ऐतिहासिक नायक काढले, आणि राज कॉमिक्ससाठी नागराज हा सुपरहिरोही काढला. दोन्हींवरून त्यांचा स्वभाव ठरवायला बसलो तर दोन वेगळी माणसं हाती येतील. कथा दुसऱ्याची, संपादकाने ठरवलेली शैली, पानांची मर्यादा, शाई तिसऱ्याची, रंग चौथ्याचा. बेल्जियमच्या एर्जे या चित्रकाराच्या ‘टिनटिन’ चित्रकथांमधली ती सुबक विमानं-मोटारी-इमारती घ्या. 1950 नंतर त्याचा स्टुडिओ होता आणि पार्श्वभूमीचं पुष्कळ काम सहायकांच्या हातचं आहे.

निपाणीच्या मुलाच्या सरळ इमारतींकडेही याच नजरेने बघा. तो क्लिप स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरवर काढत असेल, तर त्यात यथादर्शनाची, म्हणजे दूर जाणाऱ्या रेघा एका बिंदूत मिळवणारी पट्टी तयार मिळते. ती लावली की प्रत्येक रेघ बरोबर त्या बिंदूकडे जाते. फोटोवरून गिरवूनही इमारती अशाच सरळ येतात. रेघेच्या ‘आत्मविश्वासाचं’ही तेच आहे. सॉफ्टवेअरमधला रेघ स्थिर करणारा स्टॅबिलायझर वाढवला की थरथरणारा हातही गुळगुळीत रेघ मारतो. म्हणून शिस्त बघायचीच असेल तर इमारतींत बघू नका. एकाच पात्राच्या शर्टाची बटणं पहिल्या आणि दहाव्या पानावर तेवढीच आहेत का, उजव्या हातातली पिशवी पुढच्या चौकटीत डाव्या हातात गेली का, घराचं दार एकाच बाजूला राहिलंय का, ते बघा. हे सॉफ्टवेअर करून देत नाही. आणि यातूनही कळतं ते एवढंच, की त्या कामात तो काळजीपूर्वक होता.

चाचणीबद्दलही थोडं सांगायला हवं. कार्ल युंगने 1921 मध्ये मांडलेल्या प्रकारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ही प्रश्नावली घडवली. प्रश्नांची उत्तरं ज्याची त्याने द्यायची असतात, आणि निघालेला प्रकार आपल्याला पटतो का, हेही त्यानेच ठरवायचं असतं. म्हणजे चाचणीच्या स्वतःच्या नियमांनुसारही बाहेरच्या माणसाने कामावरून शिक्का मारणं बसत नाही. चाचणीचे प्रकाशक तर स्पष्ट सांगतात की नोकरीसाठी माणूस निवडायला ती वापरू नका. तुमचे सभासद नेमकं तेच करताहेत. शिवाय बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. मधल्या रेघेच्या जरा इकडे-तिकडे असणाऱ्याचं प्रकाराच्या नावातलं अक्षर पुढच्या वेळी बदलू शकतं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यावर प्रकार बदलणारे पुष्कळ निघतात.

‘पण त्या प्रकाराचं वर्णन वाचलं तेव्हा तंतोतंत तोच डोळ्यासमोर आला,’ असं तुम्ही लिहिलंय. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. मजकूर सगळ्यांना एकच होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. घरी करून बघता येईल. आयएनएफपीचं वर्णन आणि त्याच्या अगदी उलट प्रकाराचं वर्णन, दोन्हींवरची नावं काढा आणि त्या चित्रकाराची तीच चार पानं तीन मैत्रिणींना वेगवेगळं बसून जुळवायला सांगा. आपसात बोलू देऊ नका. दोन्ही वर्णनं कोणाला ना कोणाला पटली, तर पानांमध्ये पुरावा नव्हता.

मग कामातून माणूस कधीच दिसत नाही का? दिसतो, पण आधाराने. 1958-59 मध्ये टिनटिनची तिबेटची कथा काढताना एर्जेला पांढऱ्याशुभ्र रंगाची भयंकर स्वप्नं पडत होती. त्याचं लग्न मोडायला आलं होतं. झुरिकला तो युंगच्याच परंपरेतल्या फ्रान्झ रिक्लिन या मनोविश्लेषकाकडे गेला, आणि त्याने काम थांबवायचा सल्ला दिला. एर्जे थांबला नाही. त्या कथेतला पानापानांवरचा बर्फ आता या सगळ्यासह वाचता येतो. पण तो तसा वाचता येतो कारण एर्जेने हे स्वतः मुलाखतीत सांगितलं. नुसत्या पांढऱ्या पानांवरून कोणी एवढं ओळखलं नसतं. उलट स्नूपीच्या ‘पीनट्स’ पट्ट्या काढणाऱ्या चार्ल्स शुल्झचं बघा. 1950 ते 2000 अशी पन्नास वर्षं, सहायक न घेता, जवळपास 18 हजार चित्रपट्ट्या त्याने स्वतः काढल्या. एवढं भरपूर आणि एकहाती काम क्वचित कोणाचं असेल. तरी त्याच्या मृत्यूनंतर चरित्रकाराने त्या पट्ट्यांच्या आधाराने एक खिन्न माणूस उभा केला, तेव्हा मुलं म्हणाली की आमचे वडील असे नव्हते.

म्हणून यापुढे एखाद्याचं काम वाचायचं असेल तर निरीक्षणाची वही दोन रकान्यांची करा. एकात दिसतं ते जसंच्या तसं: ‘सहापैकी चार चौकटींत संवाद नाही.’ दुसऱ्यात त्याची शक्य तेवढी कारणं: जागा, ऋतू, छपाई, ग्राहक, साधन, आणि सगळ्यात शेवटी स्वभाव. एका कथेवर थांबू नका. वेगवेगळ्या वर्षांची, शक्य तर वेगवेगळ्या लेखकांसाठी केलेली निदान दहा कामं घ्या आणि लेखक बदलला तरी काय टिकतं ते बघा. टिकतं ते त्याचं असण्याची शक्यता जास्त. मग त्याच भागातल्या दुसऱ्या दोन चित्रकारांचं काम शेजारी ठेवा. तिघांतही पाऊस असेल तर ती नोंद पुसून टाका. आणि शेवटी स्वतःला विचारा: हा माणूस गप्पिष्ट, चार लोकांत रमणारा निघाला, तर याच पानांचा अर्थ मी कसा लावेन? ‘बघा, आतून किती एकटा आहे,’ असं उत्तर लगेच सुचलं, तर पानं दोन्हीकडे वळतात आणि अंदाजाला काही किंमत नाही.

आता काम कोणाला द्यायचं. तुम्हाला स्वभाव कळायची गरजच नाही. हा माणूस मुखपृष्ठ सोडून आतली 20 पानं वेळेत आणि सुधारणा स्वीकारत पूर्ण करेल का, एवढंच कळायला हवं, आणि ते थेट बघता येतं. दोघांनाही एकाच पानाची, सहा चौकटींची एकच संहिता द्या. तीत दोन माणसांचं बोलणं असावं, आठवडी बाजाराची गर्दी असावी आणि एक पळापळीची चौकट असावी. मानधन आधी ठरवा आणि निवड होवो न होवो, दोघांना द्या. फुकट नमुना मागितला की चांगला माणूस बाजूला होतो आणि तुम्ही त्याला लहरी ठरवता. रफसाठी, म्हणजे कच्च्या आराखड्यासाठी, तीन दिवस द्या. रफ आल्यावर मुद्दाम एक बदल सांगा, उदाहरणार्थ तिसरी आणि चौथी चौकट एकत्र करा. मग पेन्सिल, मग शाई, दोन्ही टप्पे दाखवायला सांगा.

बघायचं काय? संहिता वाचून तो प्रश्न विचारतो का. बाजारातली म्हातारी कन्नड बोलते की मराठी, हे ज्याने विचारलं त्याने संहिता वाचली. बदलावर काय करतो: मुकाट्याने करतो, वाद घालतो, की दुसरा चांगला मार्ग सुचवतो? तिन्ही चालतील. बदल सांगूनही पान तसंच परत आलं तर चालणार नाही. उशीर होणार असेल तर आधी कळवतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन दिवस उशिरा पण आधी सांगून आलेलं पान, आणि वेळेवर पण फुग्यांना जागाच न ठेवता आलेलं पान, यांत पहिलं घ्या. फुग्यांची जागा राहिली नाही की 20 पानं हातची जातात. देवनागरीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत अंतर जास्त लागतं. म्हणून रफमध्येच मजकूर लिहून बघायचा, एका फुग्यात 20-25 शब्दांवर जायचं नाही, आणि फुगे शाईच्या आधी आखायचे.

वेळेचा हिशेबही स्वभावावर टाकू नका, कागदावर मांडा. 24 पानांत मुखपृष्ठाच्या चार बाजू धरल्या तर आत 20 पानं उरतात. नोकरी सांभाळून काढणारा आठवड्याला दोन पानं देईल, म्हणजे 10 आठवडे. संहिता आणि रफला 4, मजकूर आणि प्रुफाला 2, छापखान्याला 2, आणि गणपतीत काम थांबतं ते 2 धरा. झाले 20 आठवडे. दिवाळीच्या साडेचार महिने आधी, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत संहितेचं काम सुरू झालं नसेल, तर कुठल्याही प्रकाराचा चित्रकार तुम्हाला वेळेत देऊ शकणार नाही. मधल्या पिनेच्या अंकात पानं चारच्या पटीत लागतात, तेव्हा 24 ठीक आहे. 22 झाली तर दोन कोरी जातात. ए-4 अंकासाठी मूळ चित्र ए-3 कागदावर काढायला सांगा. ते लहान होऊन 71 टक्क्यांवर येतं, तेव्हा 0.1 पेनाच्या रेघा छापताना तुटतात. 0.3 च्या खाली जाऊ नये. शाईकामाचं स्कॅनिंग 600 डीपीआयवर करा आणि चारी बाजूंना 3 मिलिमीटर जादा चित्र ठेवा. मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केला आणि छापखान्यात श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतील, तर रूपांतरात जोडाक्षरं फुटतात. ते प्रुफात प्रत्येक फुगा वाचूनच पकडता येतं. शाई झाल्यावर संहिता बदलायची नाही, हे समितीनेही लिहून द्यावं. कामं रखडण्याचं ते फार मोठं कारण असतं, आणि दोष मात्र चित्रकाराच्या स्वभावाला मिळतो.

त्याच्या गप्प बसण्याबद्दल. मौन हा तुम्ही अंतर्मुखतेचा आणखी एक पुरावा धरलात. पण अनोळखी माणसाने ‘तू असा आहेस’ म्हणून कळवलं तर चारचौघांत वावरणाराही गप्प होतो. त्याला वाईट वाटलं असेल, किंवा तो नुसता कामात असेल. तुम्ही एकदाच लिहा, लांबण न लावता: ‘नमस्कार दादा. मागच्या वेळी मी तुमच्या चित्रांऐवजी तुमच्या स्वभावावर बोलले, ते बरोबर झालं नाही. बाजाराच्या कथेतल्या दुकानांच्या पाट्या मला फार आवडल्या. वाचनालयासाठी एका पानाचं नमुना काम आहे, मानधन अमुक, मुदत अमुक. जमत असेल तर कळवा, नसेल तरी हरकत नाही.’ पाट्यांचा उल्लेख असू द्या. त्या खऱ्याच चांगल्या आहेत, आणि तुमच्या प्रकारात न बसल्यामुळे त्यांचं कौतुक राहून गेलं होतं. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका. निपाणीच्या मुलाचा नमुना बघून पुढे जा आणि समितीच्या इतिवृत्तात ‘उत्तर आलं नाही’ एवढंच लिहा.

‘स्वभाव ओळखा’ हे पान मात्र घेऊ नका, निदान हयात आणि भागातल्या चित्रकाराबद्दल तरी नाही. आपल्याकडे खानापूरपासून चिकोडीपर्यंत माणूस माणसाला ओळखतो. अंकात कोणी एकलकोंडा म्हणून छापला गेला की पुढची काही वर्षं त्याला कामं देणारे तेच धरून चालतील. त्या जागी त्याला पाच प्रश्न विचारा: कुठली चौकट सगळ्यात जास्त वेळा पुन्हा काढली? कुठला संवाद काढून टाकला? कुठली गोष्ट संपादकाने सांगितली म्हणून केली? कोणतं पेन, कोणता कागद? पात्रं कोणती मराठी बोलतात आणि का? सोबत एकाच चौकटीचं रफ, पेन्सिल आणि शाई अशी तिन्ही चित्रं छापा. उत्तरं छापण्याआधी त्याला एकदा वाचायला द्या. त्यासाठी प्रुफाच्या आठवड्यात तीन दिवस राखून ठेवा.